‘इथे स्वाइप’ एवढं लिहून भागत नाही: जेश्चरचं एकच वर्णन कसं तयार करायचं

मध्यंतरी आम्ही चौघं मिळून दिवाळी अंक वाचायचं एक ॲप करत होतो. अँड्रॉइड, आयफोन, वेबसाइट आणि वर पुस्तक प्रदर्शनात उभा करायचा एक मोठा टच किऑस्क, सगळं एकदम, कारण हौस. डिझाइनच्या फाइलमध्ये मी लिहिलं होतं, ‘पान उलटायला स्वाइप, खूण ठेवायला लाँग प्रेस, मोठं करायला पिंच’, म्हणजे बोट सरकवणं, बोट दाबून धरणं आणि दोन बोटं लांब-जवळ करणं. मला वाटलं झालं काम. पंधरा दिवसांनी दादरला चहा पिता पिता तीन फोन आणि किऑस्कचा व्हिडिओ शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर अँड्रॉइडवर खूण पटकन लागते, आयफोनवर जरा जास्त थांबावं लागतं, वेबवर बोट केसभर हललं तरी लाँग प्रेस रद्द, आणि किऑस्कवर पान उलटायला जावं तर ते मोठंच व्हायला लागतं.

चूक कोणाचीच नव्हती, म्हणजे माझी होती. अँड्रॉइडमध्ये लाँग प्रेसचा डिफॉल्ट वेळ हल्ली ४०० मिलिसेकंद आहे, जुन्या आवृत्त्यांमध्ये ५०० होता, आणि तो युजर सेटिंगमधून बदलूही शकतो. आयफोनवर अर्धा सेकंद, आणि तेवढ्यात बोट १० पॉइंटपर्यंत हललं तर चालतं. वेबवर लाँग प्रेस नावाचा स्वतंत्र इव्हेंटच नाही, डेव्हलपर स्वतः टायमर लावतो आणि आकडा मनाने टाकतो. तिघांनी ‘लाँग प्रेस’च केला होता, फक्त तिघांचा लाँग वेगळा.

तेव्हापासून मी जेश्चर शीट लिहिते, म्हणजे बोटाच्या प्रत्येक खुणेचं सगळ्यांसाठी एकच वर्णन. ती कशी लिहायची ते खाली सांगते, मोठी टीम लागत नाही, साधी स्प्रेडशीट चालते.

आधी कामं लिहा, जेश्चर नंतर

पहिल्या कॉलममध्ये फक्त कामं येतात: पुढचं पान, मागचं पान, मोठं कर, खूण ठेव, बंद कर. बोटाचा उल्लेख नको. हे कंटाळवाणं वाटतं आणि सगळे इथेच घाई करतात, कारण डोक्यात आधीच स्वाइप बसलेला असतो.

मग पाच-सहा माणसांना नुसता परिणाम दाखवायचा आणि विचारायचं, हे व्हावं म्हणून तुम्ही काय कराल? ही पद्धत माझी नाही. २००९ मध्ये वॉब्रॉक, मॉरिस आणि विल्सन या तीन संशोधकांनी टेबलाएवढ्या टच स्क्रीनसाठी हेच केलं होतं, २० माणसं, २७ कामं, प्रत्येक काम एकदा एका हाताने आणि एकदा दोन्ही हातांनी, असे १०८० जेश्चर जमवले आणि कुठल्या कामावर किती जणांचं एकमत होतं ते मोजलं. आपल्याला एवढं मोजायची गरज नाही, पण ज्या कामाला सहा जण सहा वेगळ्या गोष्टी करतात तिथे जेश्चर ठेवूच नये, सरळ बटण द्यावं. आमच्याकडे ‘खूण ठेव’ तसंच निघालं. आईला म्हटलं, पान उलटून दाखव, तर तिने बोटाला जीभ लावली आणि मग स्क्रीनवर सरकवलं. हसलो आम्ही, पण ही गोष्ट पुढे कामाला आली.

आकृती वेगळी, अर्थ वेगळा

लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, बाकी सगळं यातूनच निघतं: बोटाने काय केलं हे एका कॉलममध्ये, आणि त्याने काय होतं हे दुसऱ्या.

मला हे क्रिकेटमुळे कळलं. माझे मामा मैदानावरच्या मॅचेसना अंपायरिंग करायचे आणि मी लहानपणी शिवाजी पार्कला स्कोअररच्या टेबलाशी लुडबुड करत बसायचे. अंपायरने उघडा हात डोक्यावर सरळ वर केला की बाय. आणि ते समजलं हे सांगायला आमचा स्कोअरर काय करायचा? तोही हातच वर करायचा. आकृती जवळजवळ तीच, पण मधोमध उभ्या माणसाने केली तर रन, टेबलाशी बसलेल्याने केली तर ‘लिहिलं हो’. भरतनाट्यम शिकणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको, पताक हस्त ही मुद्रा एकच पण तिचे विनियोग, म्हणजे वापर, ढीगभर, म्हणून मुद्रेचं नाव वेगळं पाठ करतात आणि विनियोग वेगळा. आमच्या शीटमध्ये कॉलमचं नाव ‘विनियोग’च ठेवलंय.

याचा फायदा असा की आकृतीला कामाचं नाव द्यायची सवय सुटते. ‘पान-उलट जेश्चर’ असं नाव दिलं की संपलं, कारण पान मोठं केलेलं असताना तेच आडवं सरकवणं पान उलटत नाही, चित्र बाजूला नेतं. नाव ‘आडवं सरकवणं’ एवढंच, मग कुठल्या स्थितीत त्याचा काय अर्थ ते विनियोगाच्या कॉलममध्ये.

तीन अक्षरांत आकृती लिहायची

आता मुख्य काम. कुठलंही टच जेश्चर खाली उतरवलं की तीनच गोष्टी उरतात: बोट टेकलं, बोट सरकलं, बोट उचललं. आम्ही ट, स, उ लिहितो आणि पुढे बोटाचा नंबर. तारा म्हणजे ‘शून्य किंवा कितीही वेळा’, अधिक म्हणजे ‘निदान एकदा’, उभी रेघ म्हणजे ‘हे किंवा ते’.

टॅप: ट१ उ१
सरकवणं: ट१ स१+ उ१
पिंच: ट१ स१* ट२ (स१|स२)* मग (उ१ स२* उ२ | उ२ स१* उ१)

पिंचचं शेपूट लांब वाटेल, पण ते महत्त्वाचं आहे, दोन्ही बोटं कधीच एकाच क्षणी उठत नाहीत. आधी एक उठतं, दुसरं थोडं घसरतं, मग ते उठतं. ज्याने हे लिहिलं नाही त्याच्या ॲपमध्ये झूम संपताना पान टुणकन उडी मारतं, तुम्ही पाहिलं असेलच.

प्रोग्रॅमिंग येणाऱ्यांनी ओळखलं असेल की ही सरळ रेग्युलर एक्स्प्रेशन आहे, म्हणजे क्रम जुळवायची चिन्हांची भाषा. २०१२ मध्ये प्रोटॉन नावाची एक पद्धत मांडली गेली, किन, हार्टमन, डीरोझ आणि अग्रवाल यांची, त्यात मल्टिटच जेश्चर असेच लिहिले होते, आणि बोट कशावर टेकलं आहे हेही त्या चिन्हातच जोडलेलं होतं. आम्ही तेही उचललं: ट१(पान), ट१(कडा), ट१(बटण).

ही तीन अक्षरं हवेतून आलेली नाहीत. ब्राउझरमध्ये यालाच पॉइंटरडाऊन, पॉइंटरमूव्ह, पॉइंटरअप म्हणतात. पॉइंटर इव्हेंट्स हे डब्ल्यू-थ्री-सी या वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड २०१५ मध्ये पक्कं झालं आणि त्यातली गंमतच ही की माऊस, पेन आणि बोट तिन्ही एकाच भाषेत येतात, प्रत्येकाला आयडी असतो आणि प्रकार विचारता येतो. अँड्रॉइड आणि आयफोनवर नावं वेगळी, हिशोब तोच.

एक फरक मात्र लिहून ठेवा. बिल बक्स्टन या संशोधकाने १९९० मध्ये इनपुटच्या तीन स्थिती मांडल्या होत्या: साधन टप्प्याबाहेर, नुसतं फिरतंय, आणि दाबून ओढतंय. माऊसला मधली स्थिती असते, कर्सर नुसता फिरतो. बोटाला ती नसते, बोट एकतर स्क्रीनवर आहे नाहीतर नाही. त्यामुळे ‘कर्सर वर नेला की नाव दिसतं’ असली काही गोष्ट तुमच्या शीटमध्ये असेल तर ती फोनवर मुळात होणारच नाही, तिथेच लाल करा.

आता आकडे, आणि आकड्यांना एकक

नुसत्या क्रमाने भागत नाही, कारण टॅप आणि लाँग प्रेसचा क्रम एकच आहे, ट१ उ१. फरक फक्त वेळेचा. शिवाय खरं बोट कधीच स्थिर नसतं, टॅप करतानाही चार-दोन पिक्सेल सरकतंच. म्हणून सूट द्यावी लागते. अँड्रॉइड ही सूट ८ डीपी धरतो, एक डीपी म्हणजे इंचाचा १६० वा भाग, म्हणजे ८ डीपी मिळून साधारण सव्वा मिलिमीटर. तेवढ्या आत हललं तर ते सरकणं धरायचंच नाही.

आमच्या किऑस्कचा घोळ इथेच होता. वेबवाल्याने फोनवरून ८ हा आकडा उचलला आणि पिक्सेल म्हणून टाकला. किऑस्कची स्क्रीन ४३ इंची, रुंदीला १९२० पिक्सेल, म्हणजे एका इंचात जेमतेम ५१ पिक्सेल. तिथे ८ पिक्सेल म्हणजे तब्बल ४ मिलिमीटर! फोनवर ज्याला सरकणं म्हणतो ते किऑस्कवर टॅप ठरत होतं. पान जागचं हलत नाही म्हणून लोक दुसरं बोट लावायचे, आणि मग पिंच सुरू. तर अंतर नेहमी मिलिमीटरमध्ये लिहा, पिक्सेल ज्याचा त्याने काढावा. वेळ मिलिसेकंदात, वेग मिलिमीटर दर सेकंदाला, कोन अंशात.

आमच्या शीटमधली एक नोंद अशी दिसते, आकडे आमचे आहेत, तुम्ही तुमचे ठरवा:

नाव: आडवं सरकवणं
क्रम: ट१(पान) स१+ उ१
सुरू कधी: बोट १.३ मिमीपेक्षा जास्त हललं, आणि दिशा आडव्या रेषेपासून ३० अंशांच्या आत
पूर्ण कधी: उचलताना ८ मिमीपेक्षा जास्त अंतर झालंय
फसलं कधी: सुरू व्हायच्या आधी दुसरं बोट टेकलं, किंवा दिशा उभी निघाली
चालू असताना काय दिसतं: पान बोटाबरोबर सरकतं
रद्द झाल्यास: पान जागेवर परत
विनियोग: साध्या स्थितीत पुढचं किंवा मागचं पान, झूम स्थितीत चित्र हलवणं

‘सुरू’, ‘पूर्ण’ आणि ‘फसलं’ या तीन वेगळ्या ओळी हव्यातच. आयफोनचे जेश्चर रेकग्नायझर असेच चालतात, आधी ‘शक्य आहे’, मग ‘सुरू झालं’, ‘बदलतंय’, ‘संपलं’, नाहीतर ‘रद्द’ किंवा ‘फसलं’. आपली शीट तशीच असली की आयफोनवाल्याला भाषांतर करावं लागत नाही.

(आकार काढायचे जेश्चर, म्हणजे बरोबरची खूण, गोल वगैरे, यांना अशी ओळ लिहू नका, वेडे व्हाल. तिथे नमुना जपून ठेवतात आणि त्याच्याशी जुळवतात. २००७ चा वन-डॉलर रेकग्नायझर यासाठी सोपा आहे, तो रेघेचे ठरावीक संख्येने समान अंतरावरचे बिंदू करतो, बहुतेक ६४, मग फिरवून आणि आकार सारखा करून जुळवतो. पण फिरवतो म्हणूनच वरचा बाण आणि खालचा बाण त्याला सारखाच वाटतो, हे आधी माहीत असू द्या.)

कोण कोणाच्या आड येतं

परत मैदानावर. एक हात आडवा म्हणजे नो बॉल, दोन्ही हात आडवे म्हणजे वाइड. आता एखाद्या निवांत अंपायरने उजवा हात आधी काढला आणि डावा अर्ध्या सेकंदाने, तर स्कोअररने काय लिहायचं? एक बोट आणि दोन बोटांच्या जेश्चरमध्ये हेच भांडण असतं, सरकवणं आणि पिंच दोन्ही ट१ स१ नेच सुरू होतात. ओळी एकाखाली एक लिहिल्या की हे डोळ्याने दिसतं, दोन ओळींची सुरुवात सारखी म्हणजे तिथे निकाल लिहायला लागणार. गद्यात लिहिलेल्या वर्णनात हे कधीच दिसत नाही.

निकाल तीनच प्रकारचे असतात. एक, थांबायचं: दुसरं फसेपर्यंत पहिलं धरायचं नाही. सिंगल टॅप आणि डबल टॅप दोन्ही ठेवले की हे करावंच लागतं आणि प्रत्येक साधा टॅप उशिरा लागतो, अँड्रॉइडवर डबल टॅपसाठी ३०० मिलिसेकंद वाट बघतात, आणि मोबाइल ब्राउझरही पूर्वी याच कारणाने प्रत्येक टॅपला साधारण तेवढेच अडखळायचे. माझं मत विचाराल तर डबल टॅप टाळाच. दोन, सुरू करायचं आणि नंतर सोडून द्यायचं: पान थोडं सरकलं, दुसरं बोट आलं, पान गुपचूप जागेवर आणि पिंच सुरू. आम्ही हे घेतलं, पण नोंदीत बदल करावा लागला, ‘सुरू झाल्यावर पहिल्या १५० मिलिसेकंदांत दुसरं बोट आलं तर’ अशी एक ओळ वाढली. तीन, जागा वाटून द्यायची, काठावरचं याचं, मधलं त्याचं.

काठ म्हटलं की सिस्टिम आठवा. अँड्रॉइड १० पासून जेश्चर नॅव्हिगेशनमध्ये डावीकडून किंवा उजवीकडून आत सरकवलं की बॅक जातं, आयफोनवर बहुतेक ॲपमध्ये डावीकडून. आमचं पान उलटणं नेमकं तिथेच, त्यामुळे उत्साहाने कडेपासून पान उलटणारे लोक थेट ॲपच्या बाहेर. अँड्रॉइडमध्ये काठाचा तुकडा आपल्यासाठी मागून घेता येतो पण एका बाजूला उंचीने २०० डीपीपर्यंतच, अख्खी कड मिळत नाही, आणि मिळावी असं मलाही वाटत नाही. आम्ही ट१(कडा) ही ओळ सरळ सिस्टिमच्या नावावर लिहून टाकली.

वेबवर ब्राउझरशीही असंच वाटप करावं लागतं. सीएसएस, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा, तिच्यातल्या टच-ॲक्शन या प्रॉपर्टीत पॅन-वाय लिहिलं की उभं स्क्रोल ब्राउझरचं आणि आडवं आपलं. पण पॅन-वाय लिहिलं की ब्राउझरचा पिंच झूमही त्या भागात बंद होतो, तो हवा असेल तर पिंच-झूम वेगळं जोडावं लागतं. हे लिहायचं राहिलं तर चांगलं चाललेलं जेश्चर मधेच तुटतं, ब्राउझर पॉइंटरकॅन्सल, म्हणजे ‘रद्द’ असा निरोप, पाठवतो आणि स्क्रोल करायला लागतो.

रद्द आणि पोचपावती

चौथं अक्षर मी मुद्दाम मागे ठेवलं होतं: र, म्हणजे रद्द. फोन आला, सिस्टिमने बोट काढून घेतलं, तळहात टेकला, या सगळ्यात उ येतच नाही, र येतो. प्रत्येक ओळीत उ च्या जागी र आला तर काय, हे लिहा. नव्याण्णव टक्के बग इथेच, असं मी म्हणते, मोजलेलं नाही. पान अर्धं उलटून तसंच लटकलेलं दिसलं की समजा कोणीतरी र विसरलं.

युजरलाही मन बदलायची वाट हवी. टेकल्या टेकल्या काम करून टाकू नका, उचलल्यावर करा, म्हणजे बोट बाहेर नेऊन सुटता येतं. अंपायरलाही ही सोय आहे, दोन्ही हात उलटसुलट खांद्यांना लावले की आधीची खूण मागे घेतली. आणि नियम असा की प्रत्येक खुणेची स्कोअररने पोच दिल्याशिवाय अंपायरने खेळ पुढे जाऊ द्यायचा नाही. मामा तर कंबरेवर हात ठेवून आमच्या टेबलाकडे बघत उभे राहायचे, वडापाव खाणारा स्कोअरर हात वर करेपर्यंत! शीटमध्ये ‘चालू असताना काय दिसतं’ ही ओळ रिकामी असेल तर ते जेश्चर मी रिव्ह्यूला घेतच नाही.

बटण हवंच

ज्याचा हात थरथरतो, जो एका बोटाने किंवा काडीने फोन वापरतो, त्याला पिंच जमत नाही. वेब ॲक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे अपंगांनाही वेब वापरता यावं यासाठीच्या, डब्ल्यूसीएजी २.१ या नियमावलीत, म्हणजे २०१८ पासून, असं आहे की दोन बोटांचं किंवा ठरावीक वाटेने न्यायचं जेश्चर असेल तर तेच काम एका साध्या टॅपने व्हायला हवं, आणि २०२३ च्या २.२ मध्ये ओढण्याबद्दलही तसंच आलं. त्यामुळे विनियोगाच्या शेजारी एक कॉलम: ‘बटण कुठे’. रिकामा चालत नाही.

हवेतले जेश्चर

कॅमेऱ्यासमोर हात हलवून चालवायचं असेल तर हीच शीट चालते, एक अडचण सोडून. तिथे ट नाही. हात कायम कॅमेऱ्यात असतो, माणूस केस सारखे करतो आणि पान उलटतं. म्हणून टेकणं स्वतः तयार करावं लागतं, सगळ्यात सोपं म्हणजे अंगठा आणि तर्जनी चिकटवणं. मीडियापाइपसारखं सॉफ्टवेअर एका हाताचे २१ बिंदू देतं, त्यातल्या दोन टोकांमधलं अंतर बघायचं. फक्त एकच आकडा ठेवू नका, चिकटल्याचा आकडा लहान आणि सुटल्याचा मोठा ठेवा, नाहीतर सीमेवर ट उ ट उ ट उ अशी माळ लागते. अंतर तळहाताच्या रुंदीच्या प्रमाणात मोजा, म्हणजे माणूस मागे सरकला तरी हिशोब बिघडत नाही.

तपासायचं कसं

ऑफिसात टेबलावर फोन ठेवून तपासलेलं काही खरं नसतं. आम्ही प्रत्येक ट, स, उ, र वेळेसकट फाइलमध्ये उतरवायचा एक छोटा लॉगर केला आणि तो घेऊन चार दिवस लोकलने फिरलो. एका हाताने वरची कडी पकडलेली, दुसऱ्या हातात फोन, सगळं अंगठ्याने, कुर्ल्याला धक्का. अंगठा सरळ रेषेत जातच नाही, कमानीत जातो, त्यामुळे आमचे आडव्या दिशेचे ३० अंश उजव्या हाताच्या लोकांना पुरेनात आणि आम्ही ते ४० केले. बदल एका ओळीत झाला, सगळ्या डेव्हलपरनी तिथूनच उचलला.

या फाइली टाकू नका. नवा आकडा टाकला की जुन्या सगळ्या नोंदी त्यावरून परत चालवायच्या आणि बघायचं, आधी जे सरकवणं ठरलं होतं ते आत्ताही ठरतंय का. मी प्रत्येक फाइलच्या नावात माणसाला काय करायचं होतं तेही लिहिते, ‘पान उलटायचं होतं, पिंच झाला’ असं, नाहीतर महिन्याभराने नुसत्या आकड्यांकडे बघून काही कळत नाही.

आणि एकदा पावसात तपासा. जुलैत प्लॅटफॉर्मवरून गाडीत चढेपर्यंत स्क्रीनवर थेंब असतात, कपॅसिटिव्ह स्क्रीनला थेंबही कधी कधी बोट वाटतं, मधेच ट२ येतो, लगेच उ२, आणि तेवढ्यात पिंच सुरू होऊन पान मोठं झालेलं असतं. आम्ही पिंचला एक अट वाढवली, दुसरं बोट निदान ६० मिलिसेकंद टिकलं पाहिजे आणि दोन बोटांतलं अंतर २ मिमीने बदललं पाहिजे, तोवर पिंच नाही. घरी कोरड्या स्क्रीनवर ही अट तपासायची सोय नव्हती, म्हणून आईलाच परत बसवलं, जिभेला बोट लावून वीस पानं उलटायला. सतरा नीट उलटली, तीन मोठी झाली, त्या तीन फाइली अजून उघड्याच आहेत.